व्हॉल्व्ह माइक प्रीअँप: दुरुस्तीनंतर परत येणारं हमिंग

कपॅसिटर नवे, व्हॉल्व्ह नवे, सॉकेट स्वच्छ. काही आठवडे व्हॉल्व्हवर (निर्वात काचेच्या नळ्यांवर) चालणारा माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र, गप्प राहतो आणि मग एके दिवशी हेडफोनमध्ये तेच ‘घूंऽऽ’. पुन्हा व्हॉल्व्ह बदलला की पुन्हा थोडे दिवस शांतता. अँपेक्स ३५० किंवा ३५१ टेप मशीनमधून काढून माइक प्रीअँप बनवलेले भाग असोत, अल्टेकचे जुने मिक्सर असोत किंवा टेलिफुंकनचा व्ही७२ असो, गोष्ट साधारण हीच असते. बहुतेक वेळा कारणही एकच: हमिंग कुठून येतंय हे न मोजता दुरुस्ती झालेली असते. ‘रीकॅप केलं’, जुने कपॅसिटर बदलले, म्हणजे निदान झालं असं नाही. कपॅसिटर बदलल्याने दोन-चार डेसिबल फरक पडतो, तेवढ्यावर समाधान मानलं जातं, आणि मूळ गळती (नको तिथे झिरपणारा करंट) हळूहळू वाढत राहते.

आधी हे लक्षात घ्या की माइक प्रीअँप किती नाजूक जागेवर काम करतो. २०० ओहमवरून ५० किलोओहमवर नेणारा इनपुट ट्रान्सफॉर्मर सिग्नल सुमारे १६ पट, म्हणजे २४ डेसिबल वाढवतो. पुढचे व्हॉल्व्ह धरून एकूण ६० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) असेल तर इनपुटवरचा एक मायक्रोव्होल्ट आउटपुटला एक मिलिव्होल्ट होतो. आणि त्याच पहिल्या व्हॉल्व्हच्या आत, कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) नळीत, ६.३ व्होल्ट एसीवर हीटर तापत असतो. पॉवर अँपमध्ये ज्या गळतीकडे कुणी ढुंकून पाहणार नाही, ती इथे थेट कानावर येते.

मोजल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका

माइकच्या तीन पिनांच्या एका एक्सएलआर प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांच्या मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर लावून तो प्लग इनपुटला जोडा. माइक आणि त्याची केबल बाजूला पडली. गेन नेहमीच्या कामाइतका ठेवून अर्धा मिनिट आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज याचा आलेख) काढा. साइझ ६५५३६ निवडा. कमी आकडा ठेवला तर खालच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळतात आणि शिखरं नीट सुटी दिसत नाहीत.

आता कुठलं शिखर सर्वांत उंच आहे ते पाहा. ५० हर्ट्झ असेल तर संशय हीटरवर, अर्थिंगच्या फेऱ्यावर (दोन वाटांनी अर्थ झाल्याने बनणाऱ्या वेटोळ्यावर) किंवा व्हॉल्व्हच्या उघड्या ग्रिडवर (सिग्नल जिथे शिरतो त्या टोकावर). १०० हर्ट्झ असेल, आणि त्याच्या मागोमाग २००, ३००, ४०० अशी रांग असेल, तर पॉवर सप्लायवर. १५० हर्ट्झ वाजवीपेक्षा उंच दिसला तर मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र इनपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतंय असं समजा. अमेरिकेत बसून हे वाचत असाल तर आकडे ६०, १२० आणि १८०.

एक अपवाद आधीच सांगतो, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. सप्लाय हाफ वेव्ह (एसीची अर्धीच लाट वापरणारा) असेल, किंवा फुल वेव्ह रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हची एक प्लेट अशक्त झाली असेल, तर सप्लायमधूनही ५० हर्ट्झच येतो. रेक्टिफायर ५वाय३सारखा जुना व्हॉल्व्ह असेल तर तो एकदा बदलून बघणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे.

दुसरी चाचणी तर फुकटची. हेडफोन लावून ऐकत असतानाच प्रीअँपचा मेन्स स्विच बंद करा. कॅथोड गरम आणि कपॅसिटर भरलेले असल्यामुळे प्रीअँप काही सेकंद चालू राहतो. स्विच पडताक्षणी हमिंग तुटलं तर ते प्रीअँपच्या पोटातलं. आवाज विरत जाईपर्यंत हमिंगही सोबत राहिलं तर ते बाहेरून येतंय: केबल, शेजारचं यंत्र किंवा अर्थिंगचा फेरा. अशा वेळी प्रीअँप उघडण्यात काही अर्थ नाही.

उघडणार असाल तर आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये बसून राहतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून कपॅसिटर रिकामे करा, मग मीटर लावून खात्री करा. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात. जुन्या अमेरिकन यंत्रांत मेन्सच्या वायरीपासून चासीपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) लावलेला एक छोटा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर चासीवर करंट उतरतो. तो काढा, दोन पिनांची वायर काढा, तीन पिनांची लावा आणि अर्थ चासीला स्क्रूने घट्ट बांधा. हे हमिंगसाठी नाही, जिवासाठी.

१०० हर्ट्झ: कपॅसिटर चांगला, जोडणी वाईट

पहिल्या व्हॉल्व्हला जाणाऱ्या सप्लायच्या रांगेत शेवटी साधारण २२ किलोओहम आणि २० मायक्रोफॅरॅड अशी जोडी असते. १०० हर्ट्झला २० मायक्रोफॅरॅडचा अडथळा जेमतेम ८० ओहम, म्हणजे त्या एका पायरीवर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) २७५ पट कमी होतो. कपॅसिटर सुकून २ मायक्रोफॅरॅडवर आला तर तोच आकडा २७ पटींवर येतो आणि हमिंग एकदम २० डेसिबलने वाढतं. त्यामुळे सुकलेला कपॅसिटर बदलायलाच हवा, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. जुने कपॅसिटर ॲल्युमिनियमच्या डब्यात तीन-चार एकत्र असत आणि त्यांचं निगेटिव्ह टोक म्हणजे तो डबाच. डब्याच्या खालच्या पट्ट्या चासीच्या खाचेत घालून पिळलेल्या असतात. सत्तर वर्षांत त्या जागी गंज धरतो आणि शून्य ओहमच्या जागी कधी अर्धा, कधी पाच ओहम येतात. यंत्र गरम झालं की पट्टी थोडी फुगते, संपर्क सुधारतो, हमिंग जातं. थंडीत परत येतं. नवा डबा त्याच खाचेत तसाच पिळून बसवला तर हा दोष जिथल्या तिथेच राहतो. पट्टीपासून चासीच्या स्वच्छ घासलेल्या जागेपर्यंत जाड वायर सोल्डर करा, किंवा सर्किटच्या ग्राउंड पट्टीलाच थेट जोडा. हमिंग ऐकता ऐकता लाकडी काडीने डबा हलवून पाहिला तर हा दोष लगेच बोलतो.

यापेक्षाही मोठी गफलत ‘स्टार ग्राउंड’च्या नावाखाली होते. सगळे ग्राउंड एका बोल्टवर आणले की झालं, असा एक समज आहे. पण मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या हाय टेन्शन (जास्त व्होल्टेजच्या) वाइंडिंगच्या मधल्या टोकातून पहिल्या फिल्टर कपॅसिटरकडे जाणारा करंट सेकंदाला शंभर वेळा झटक्याझटक्याने वाहतो. हे झटके त्या बोल्टवरून गेले तर तिथे बांधलेल्या पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडलाही ते जाणवतात. म्हणून वाइंडिंगचं मधलं टोक आधी पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह टोकावर आणा आणि तिथून एकच वायर पुढे न्या. पुढचे कपॅसिटर आपापल्या व्हॉल्व्हजवळ ग्राउंड होऊ देत. जुन्या कंपन्यांच्या कारागिरांनी हे बहुतेक ठिकाणी बरोबर केलेलं असतं. नंतर हात लावणाऱ्याने ‘सुधारणा’ म्हणून बिघडवलेलं असतं. एखादा प्रीअँप रीकॅपनंतर जास्त घुमायला लागला असेल तर आधी जुने फोटो शोधा, मग सोल्डर.

पहिला कपॅसिटर हौसेने मोठा करू नका. जीझेड३४सारख्या दणकट रेक्टिफायरलाही ६० मायक्रोफॅरॅड ही मर्यादा आहे, ५वाय३ला त्याहून बरीच कमी. मोठा कपॅसिटर म्हणजे तुटक आणि उंच झटके, तापणारा ट्रान्सफॉर्मर आणि स्पेक्ट्रममध्ये १०० च्या पुढची लांब रांग. फिल्टरिंग वाढवायचंच असेल तर शेवटच्या पायऱ्यांवर वाढवा.

वर्षानुवर्षं बंद पडलेला प्रीअँप व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू चढवण्याचा सल्ला सगळे देतात. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असलेल्या यंत्रात तो अर्धाच उपयोगी. कमी व्होल्टेजला रेक्टिफायरचा हीटर तापत नाही, त्यामुळे कपॅसिटरला काहीच पोहोचत नाही, आणि मग पुढे एकदम सगळं व्होल्टेज जाऊन आदळतं. कपॅसिटर फॉर्म करायचे (हळूहळू व्होल्टेज देऊन पुन्हा कामाला लावायचे) असतील तर बाहेरच्या डीसी सप्लायमधून मोठा रेझिस्टर मध्ये घालून करा.

५० हर्ट्झ: हीटर आणि त्याचा शेजार

परत परत येणाऱ्या हमिंगचं हे खरं माहेर. सिद्ध करायला एक सोपी युक्ती आहे. इमर्जन्सी लाइटमध्ये असते तशी ६ व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी घ्या. पहिल्या व्हॉल्व्हच्या हीटरच्या दोन्ही वायरी ट्रान्सफॉर्मरपासून सोडवा, त्यांना बॅटरी जोडा आणि बॅटरीचं एक टोक ग्राउंडला लावा. १२एएक्स७ला ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर लागतात, छोटी बॅटरी ते आरामात देते. ५० हर्ट्झचं शिखर कोसळलं तर गुन्हेगार हीटर. काडीचाही फरक नाही पडला तर हीटरच्या मागे लागून वेळ घालवू नका.

हीटर दोषी ठरला तरी व्हॉल्व्ह दोषी ठरत नाही, आणि गाडं नेमकं इथेच अडतं. १२एएक्स७च्या सॉकेटवर हीटरच्या पिना ४, ५ आणि ९. पिन ४ च्या शेजारी पिन ३, म्हणजे एका अर्ध्या भागाचा कॅथोड. पिन ९ च्या शेजारी पिन ८, दुसऱ्याचा कॅथोड. जुन्या बेकेलाइट सॉकेटवर फ्लक्स, धूळ आणि निकोटिनचा थर साचला की हीटर आणि कॅथोडमध्ये मेगाओहमांची गळती सुरू होते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळा लागला की ती वाढते, दिवाळीनंतर कमी होते. जून ते सप्टेंबर घुमणारा आणि बाकी वर्ष शहाण्यासारखा वागणारा प्रीअँप हाती आला तर सॉकेट आणि बेकेलाइटचा टॅगबोर्ड (पार्ट सोल्डर केलेली पट्टी) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा आणि हेअर ड्रायरने वाळवा. तरीही नाही भागलं तर पहिल्या व्हॉल्व्हपुरतं सिरॅमिक सॉकेट बसवा. एका व्हॉल्व्हसाठी हा खर्च काहीच नाही.

आता कॅथोडवरचा बायपास कपॅसिटर. साधारण २५ मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा हा लहानसा इलेक्ट्रोलिटिक रीकॅपमध्ये बऱ्याचदा राहून जातो, कारण तो कुठेतरी टॅगबोर्डाखाली दडलेला असतो आणि डीसी व्होल्टेज मोजलं तर सगळं ठीक दिसतं. पण हीटरमधून कॅथोडवर गळणारा ५० हर्ट्झ ग्राउंडला पोहोचवण्याचं काम हाच करतो. तो सुकला की तीच गळती, जी आधी ऐकू येत नव्हती, सिग्नलमध्ये मिसळते. नवा व्हॉल्व्ह घातला की गळती कमी असल्यामुळे शांतता, आणि व्हॉल्व्ह थोडा वापरात आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चांगल्या व्हॉल्व्हची नाहक बदनामी यातूनच होते.

गळती उरलीच तर हीटर उचलून ठेवा. म्हणजे हीटर वाइंडिंगचं मधलं टोक ग्राउंडवरून सोडवून कॅथोडपेक्षा ३० ते ५० व्होल्ट वर न्या. ३०० व्होल्टच्या सप्लायवरून २२० किलोओहम (१ वॉट) आणि ३३ किलोओहम असा विभाजक केला की मध्ये ३९ व्होल्ट मिळतात. ३३ किलोओहमवर १०० व्होल्टचा २२ मायक्रोफॅरॅड कपॅसिटर लावा. हीटर कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह झाला की त्यातून निसटणारे इलेक्ट्रॉन कॅथोडकडे जायचं कारणच उरत नाही. वाइंडिंगला मधलं टोक नसेल तर दोन १०० ओहमचे रेझिस्टर लावून ते तयार करा. टोक असूनही वर रेझिस्टर लावलेले अनेक प्रीअँप दिसतात. एक काहीतरी ठेवा.

आणि मग येतो डीसी हीटर. माझं मत स्पष्ट आहे: हा शेवटचा उपाय आहे आणि लोक तो पहिला करतात. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर ब्रिज लावला तर शिखर ८.९ व्होल्ट, त्यातून दोन डायोडचे सुमारे १.४ वजा, उरले साडेसात, आणि त्यावर पुन्हा रिपल. एलएम३१७ या रेग्युलेटरला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागतात. म्हणजे ६.३ व्होल्ट रेग्युलेटेड मिळणं शक्यच नाही. मिळतं ते रिपलसकट पाच-साडेपाच. हीटर अर्धपोटी, कॅथोड थंड, गेन कमी, आणि हमिंगच्या जागी १०० हर्ट्झची चरचर. शिवाय ब्रिजमुळे वाइंडिंगमधला करंट दीडपटीहून अधिक वाढतो आणि सत्तर वर्षांचा ट्रान्सफॉर्मर तापतो. डीसी द्यायचाच असेल तर वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या, तो चासीबाहेर ठेवा आणि १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर अशी जोडणी करा.

व्हॉल्व्ह निवडताना पहिल्या जागेसाठी कमी हमिंगचे प्रकार शोधा. आरसीएचा ७०२५ हा त्याच कामासाठी काढलेला १२एएक्स७. १२एवाय७च्या जागी जीईचा ६०७२. टेलिफुंकनने व्ही७२ मध्ये ईएफ८०४एस घातला तो उगाच नव्हे. पण सॉकेट आणि बायपास तपासल्याशिवाय महागडा व्हॉल्व्ह विकत घेऊ नका.

१५० हर्ट्झ: अमेरिकन ट्रान्सफॉर्मर, भारतीय मेन्स

११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेलं यंत्र आपल्याकडे स्टेप-डाउनवर चालवलं जातं. स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर कोअरमधला फ्लक्स ६० च्या तुलनेत २० टक्क्यांनी वाढतो. त्यात २२० ते ११० असा ट्रान्सफॉर्मर २४० च्या लाइनला लावला की बाहेर १२० येतात. कोअर संपृक्त व्हायला लागतो, चुंबकीय क्षेत्र लॅमिनेशनच्या (कोअरच्या पातळ पत्र्यांच्या) बाहेर सांडतं, आणि त्यात तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची तिप्पट) भरपूर असतो. तोच हा १५० हर्ट्झ. मिशिगनमध्ये शांत असलेला प्रीअँप कोथरूडमध्ये घुमतो याचं कारण प्रवासात काही मोडलं हे नसतं.

फ्लक्स मूळ पातळीवर आणायचा तर ११७ च्या जागी ९७.५ व्होल्ट द्यावे लागतील. मग हीटरला मिळतात सव्वापाच व्होल्ट. म्हणजे हा मार्ग बंद. १०८-११० व्होल्टपर्यंत उतरणं ही तडजोड चालते: हीटर ५.९ च्या आसपास राहतो आणि ट्रान्सफॉर्मरची धाप कमी होते.

चुंबकीय हमिंग ओळखायला इनपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून तो हाताने थोडा फिरवा. आवाज कमी-जास्त झाला की उत्तर मिळालं. जिथे सर्वांत कमी येतो तिथे घट्ट करा. प्लग-इन ट्रान्सफॉर्मर असेल तर आधी त्याच्या पिना पुसा. रॅकमध्ये खाली पॉवर अँप बसवला असेल तर तोही हलवून बघा. इनपुट ट्रान्सफॉर्मरवरचा म्युमेटलचा (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूचा) डबा ठोकून किंवा वाकवून बसवू नका, त्याने त्याची शील्डिंगची ताकद जाते. इनपुट ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजायची सवय असेल तर ती सोडा. मीटरचा डीसी करंटसुद्धा त्या इवल्याशा कोअरला चुंबकत्व देतो आणि खालच्या सुरांत डिस्टॉर्शन येतं. तसं झालंच असेल तर ऑडिओ ऑसिलेटरचा कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देऊन तो अगदी हळूहळू शून्यावर आणा.

हाच चुंबकत्वाचा धोका ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच कंडेन्सर माइकला दिला जाणारा सप्लाय) जोडताना असतो. ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकमेकांशी ०.१ टक्क्यापर्यंत जुळवून घ्या, नाहीतर फरकाचा डीसी प्रायमरीतून वाहत राहतो. फँटमचा सप्लाय गाळलेला नसेल तर त्याचा रिपल कंडेन्सर माइकवरच ऐकू येईल, डायनॅमिकवर नाही. माइक बदलला की हमिंग जातं-येतं अशी तक्रार असेल तर इथे बघा.

बाहेरून येणारं

स्विच बंद केल्यावरही उरणारं हमिंग बहुधा एक्सएलआरच्या पिन १ चं, म्हणजे शील्डच्या पिनेचं, असतं. जुन्या यंत्रांत, आणि नव्याने एक्सएलआर बसवलेल्या बहुतेक यंत्रांत, पिन १ सर्किटच्या ग्राउंडला नेलेली असते. केबलच्या शील्डवरचा सगळा कचरा त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हच्या दारात येतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हे सविस्तर मांडलं, आणि उपाय दोन इंचांच्या वायरीचा आहे: पिन १ सॉकेटशेजारीच चासीला. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून हमिंग ‘घालवणं’ मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका. फेरा तोडायचा असेल तर आउटपुटच्या केबलचं शील्ड इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला आवाज पोहोचवणाऱ्या यंत्राच्या) टोकाला सोडा.

या सगळ्यानंतरही १५० हर्ट्झचं शिखर हटत नसेल तर मेन्स ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत चौकशी केली तर ऑर्डरप्रमाणे गुंडाळून देणारे सापडतात. त्यांना फक्त व्होल्टेज सांगून सोडू नका, नाहीतर कमीत कमी तांब्यात बसेल तेवढाच मिळेल. प्रायमरी २३० आणि २४० अशा दोन टॅपची, कोअर नेहमीपेक्षा एक माप मोठा, फ्लक्स एक टेस्लाच्या आत, प्रायमरी-सेकंडरीमध्ये ग्राउंड केलेला स्क्रीन, आणि बाहेरून कोअरभोवती तांब्याची एक बंद पट्टी. जुना ट्रान्सफॉर्मर फेकू नका. यंत्र पुढे विकायचं झालं तर घेणारा तो मागतोच.